निरोप आला, पण पैसे आले का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की खोट्या पेमेंटच्या मेलबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि मग टपालाने, व्हॉट्सॲपवर, एकाने तर भाजीबाजारात हातात चिठ्ठी देऊन, एवढं काही आलं की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं गाळलीत, कारण तिघांनी "घरी अजून सांगितलं नाही" असं लिहिलंय. मी काही कॉम्प्युटरवाली नाही बरं का, बँकेच्या काउंटरवर सव्वीस वर्षं काढली, तेव्हा उत्तरं पण काउंटरवरचीच मिळतील.

ताई, आमचा येवल्यात हातमाग आहे, मी इन्स्टावर पैठण्या विकते. अमेरिकेतल्या एका बाईंना मुनिया काठाची साडी आवडली, ६८० डॉलरला ठरलं, पेपालने (परदेशातून ऑनलाइन पैसे पाठवायची सोय) पैसे टाकते म्हणाल्या. लगेच पेपालचा मेल आला की ७८० डॉलर जमा झालेत पण पेंडिंग आहेत, कुरियरचा ट्रॅकिंग नंबर कळवला की सुटतील. वरचे १०० डॉलर त्यांच्या दिल्लीच्या शिपिंग एजंटचे, ते मी त्याला यूपीआयने पाठवायचे. मिस्टर म्हणतात पाठवून टाक, गिऱ्हाईक जाईल, सासूबाई म्हणतात पैसे दिसल्याशिवाय साडी घडीतून काढायची नाही. मेलवर लोगो वगैरे सगळं आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचंच ऐका.

आता का ते सांगते, कारण नुसतं "फ्रॉड आहे" म्हणून भागत नाही, उद्या दुसऱ्या नावाने हेच येईल. मेल म्हणजे पैसे नाहीत, मेल म्हणजे निरोप. गल्लीतल्या पोराने येऊन सांगितलं "काकू, तुमच्या खात्यात पैसे आले", तर आपण त्याच्या हातात साडी देतो का, नाही ना, बँकेत जाऊन पासबुक भरून बघतो. तसंच करायचं. त्या मेलमधल्या कुठल्याही बटणाला हात न लावता पेपालचं ॲप स्वतः उघडायचं नाहीतर ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करायचा, लॉगिन करायचं, आणि तिथे व्यवहारांच्या यादीत ७८० डॉलर दिसतात का बघायचं. पेपाल कधीकधी खरंच पैसे अडकवून ठेवतं आणि ट्रॅकिंग नंबर दिल्यावर सोडतं, या चोरांनी नेमकं तेवढं खरं उचललंय, म्हणून तर पटतं. पण अडकलेले पैसेसुद्धा तुमच्या खात्यात "होल्डवर" असे दिसतात. नुसते मेलमध्ये असलेले पैसे कुठेच नसतात.

तुम्ही मेलचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. वर ठळक अक्षरात "सर्व्हिस पेपाल" आहे, पण ते नुसतं नाव, ते कुणीही काहीही ठेवू शकतं, मी माझ्या मेलला "रिझर्व्ह बँक" नाव दिलं तर तुमच्या मोबाइलवर रिझर्व्ह बँकच दिसेल. जीमेलच्या ॲपमध्ये नावाखाली जिथे "टू मी" लिहिलेलं असतं तिथे बोट लावलं की खरा पत्ता उघडतो, तुमच्या मेलचा उघडला तर तो जीमेलचाच साधा पत्ता, मधे पेपाल आणि पेमेंट हे शब्द घुसडलेले. एवढी मोठी कंपनी फुकटच्या जीमेलवरून मेल कशाला पाठवेल. दुसरं म्हणजे सुरुवात "डिअर कस्टमर" अशी आहे, पेपाल खात्यावरचं पूर्ण नाव घालून लिहितं. आणि मेल स्पॅममध्ये पडला होता असं तुम्हीच शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, ताई, ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं!

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी खूण ते वरचे १०० डॉलर आहेत. जो माणूस साडीचे पैसे देतोय तो त्याच्या एजंटचे पैसे तुमच्या हातून का पाठवेल, त्याला काय हात नाहीत? जादा पैसे "पाठवून" त्यातले थोडे परत मागायचे ही जगभरची जुनी युक्ती आहे, पूर्वी चेकने चालायची, चेक वटायच्या आधीच फरकाचे पैसे काढून न्यायचे, मग आठवड्याने चेक परत. पहिले पैसे खोटे असतात, तुम्ही परत केलेले तेवढे खरे. इथे तर साडी पण जाणार आणि नऊ-साडेनऊ हजार रोख पण जाणार.

एक माहिती असू द्या, २०२१ च्या १ एप्रिलपासून पेपालने भारतातल्या भारतात पेमेंट बंद केलंय, इथे ते फक्त परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी उरलंय, आणि ते पैसे पुढे आपल्या बँक खात्यात आपोआप जातात. म्हणजे पुण्याचं कुणी तुम्हाला "पेपालने टाकते" म्हणालं तर तिथेच ओळखायचं. त्या बाईंना एवढंच लिहा की पैसे बँकेत आले की त्याच दिवशी साडी निघेल. खरं गिऱ्हाईक दोन दिवस थांबतं, पैठणी काय भाजी आहे का सुकायला.

मी कॉलेज रोडला राहतो, डिझाइनची फ्रीलान्स कामं करतो. मला आलेला मेल खरंच पेपालच्या पत्त्यावरून आलाय, मी "शो ओरिजिनल" करून पण बघितलं, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हीपुढे पास. त्यात ४९९ डॉलरचं इनव्हॉइस आहे, मी काहीच घेतलेलं नाही, खाली लिहिलंय की ऑर्डर तुमची नसेल तर २४ तासांत या नंबरला फोन करा. मग हा खरा का खोटा?

मेल खरा, मजकूर खोटा. बाळा, तू एवढं बघितलंस म्हणून तुला जरा खोलात सांगते, बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

पाकिटाच्या मागे "प्रेषक" म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, पोस्टमन काही ते तपासत नाही, ईमेल पण मुळात असाच होता. नंतर ही तीन कुलपं बसवली. या डोमेनचे (म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या @ च्या पुढच्या नावाचे) मेल कुठल्या सर्व्हरवरून निघायला परवानगी आहे ते एसपीएफ सांगतं, मेलवरची डिजिटल सही शाबूत आहे का ते डीकेआयएम बघतं, आणि हे जुळलं नाही तर मेलचं काय करायचं हा हुकूम डीमार्कमध्ये असतो. फेल दिसलं तर सावध व्हायचं हे बरोबर, पण पास दिसलं म्हणजे माणूस प्रामाणिक असं नाही, पास म्हणजे फक्त एवढंच की मेल त्याच डोमेनवरून आलाय. चोराने स्वतःचं डोमेन विकत घेतलं, पेपालसारखंच दिसणारं, तर त्यालाही तिन्ही पास मिळतात.

तुझ्याबाबतीत तर त्याने डोमेन पण घेतलं नाही. पेपालवर खातं उघडून कुणीही कुणालाही इनव्हॉइस पाठवू शकतं, त्यात विक्रेत्याने टीप लिहायची जागा असते, त्या जागेत त्याने तो फोन नंबर टाकला, आणि पुढे मेल पेपालच्याच मशीनने इमानदारीत तुला पोचवला. सगळा डाव त्या नंबरवर आहे. फोन केलास की गोड आवाजात "सर, कॅन्सल करून देतो, हे छोटं ॲप घ्या" म्हणतील आणि तुझी स्क्रीन त्यांच्या ताब्यात. इनव्हॉइस म्हणजे बिल, बिल आलं म्हणून पैसे जात नाहीत, तू भरलंस तरच जातात. स्वतः लॉगिन करून ते रद्द कर, पेपालच्या फिशिंगच्या (खोट्या मेलची तक्रार करायच्या) पत्त्यावर मेल फॉरवर्ड कर आणि जेवायला बस.

अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसीची कामं करतो. ज्यांच्याकडून आठ वर्षं माल घेतोय त्यांच्याच मेलवरून, जुन्याच मेलच्या खाली रिप्लाय म्हणून, निरोप आला की आमच्या खात्याचं ऑडिट चाललंय, या वेळचं पेमेंट या नवीन खात्यावर करा. अकाउंटंटने ३,४०,००० आरटीजीएस केले. चार दिवसांनी पार्टीचा फोन, पेमेंट कुठंय. त्यांचा मेलच हॅक होता म्हणे. आता चूक कुणाची?

दादा, चूक कुणाची हे वकील ठरवतील, आणि तुम्ही दोघं आठ वर्षांचे संबंध त्यात घालवू नका एवढंच माझं म्हणणं. हे पत्र छापायच्या आधीच तुम्हाला फोन करून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तक्रार करायला लावली, तुम्ही केलीत, थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेलीय हे पण कळलं. चार दिवस गेले नसते तर जास्त अडली असती.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण नाशिकमध्ये हा प्रकार कारखानदारांना, द्राक्ष एक्सपोर्ट करणाऱ्यांना, सगळ्यांनाच लागू आहे, जिथे बिलं मेलवर फिरतात तिथे हे होणारच. यात स्पेलिंग चुकलेलं नसतं, लोगो वाकडा नसतो, पत्ता खोटा नसतो. चोर महिना महिना त्या मेलबॉक्समध्ये गुपचूप बसून वाचत असतो, कोण कुणाला काय म्हणतं, पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबर कसा लिहितात, पेमेंट कोणत्या तारखेला सुटतं, आणि बरोबर त्या दिवशी त्यांच्याच भाषेत रिप्लाय टाकतो. बऱ्याचदा त्याने मेलच्या सेटिंगमध्ये एक नियम लावून ठेवलेला असतो की अमुक पार्टीचा मेल आला की इकडे फॉरवर्ड कर नि इनबॉक्समधून उडव, त्यामुळे खऱ्या मालकाला पत्ताच लागत नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही उघडून बघा, तुमचंही आणि पार्टीला सांगून त्यांचंही, आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाइलवरची दुसरी खात्री) चालू करा.

खातं बदललं असं कुणीही कळवलं की फोन करायचा. त्या मेलमध्ये लिहिलेल्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या, आपण नेहमी ज्यावर बोलतो त्या नंबरवर, आणि आवाज ओळखीचा हवा. ऐकायला बाळबोध वाटतं पण यावर दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी काउंटरवर असताना लोकांना सांगून सांगून थकले, आरटीजीएस-एनईएफटीमध्ये पैसे खाते नंबरावर जातात, नाव तुम्ही काहीही लिहा, पूर्वी ते जुळवून बघितलंच जात नव्हतं. लोकांना वाटायचं नाव चुकलं तर पैसे परत येतील. आता रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या एप्रिलपासून बँकांना सोय द्यायला लावलीय की पैसे पाठवायच्या आधी खाते नंबर आणि आयएफएससी टाकला की त्या खातेदाराचं खरं नाव दिसतं. ती दोन सेकंदं अकाउंटंटला थांबायला सांगा. कंपनीचं खातं म्हणून दिलंय आणि नाव कुणा परराज्यातल्या माणसाचं येतंय, तर तिथेच हात आखडायचा.

नुसता मेल उघडला तर पैसे जातात का? आणि साइटला कुलपाचं चित्र असेल तर ती सेफ ना?

हा प्रश्न सिडको, सातपूर, सिन्नर, सगळीकडून आलाय. साधा मेल उघडून वाचल्याने पैसे जात नाहीत, घाबरू नका. लिंक दाबून पुढे माहिती भरली, जोडलेली फाइल उघडली, काही इन्स्टॉल केलं, तिथून गडबड सुरू होते. मेलमध्ये क्यूआर कोड असला तर तो पण लिंकच समजा. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी वाचू शकत नाही. वाट जर चोराच्याच घरी जात असेल तर कुलूप काय करणार?

पत्ता वाचायची खुबी मात्र शिकून घ्या. पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचं. शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालक, त्याच्या आधीचं सगळं नुसती सजावट. "एसबीआय डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम" यात मालक केवायसी-अपडेट आहे, एसबीआय नाही. (भारतातल्या "डॉट को डॉट इन" छापाच्या पत्त्यांत तीन तुकडे धरायचे.) इंग्रजीतलं आर आणि एन चिकटून लिहिलं की लहान स्क्रीनवर एम दिसतं, ही पण त्यांची आवडती चाल. बँकांपुरतं काम आता थोडं सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना २०२५ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, आणि तो पत्ता बँक सोडून कुणाला मिळत नाही. शेवट तसा नसेल आणि समोरचा स्वतःला बँक म्हणवत असेल तर बंद करा. उगाच तपासत बसू नका.

ताई, एवढी शिकलेली माणसं फसतातच कशी? लोभ असतो म्हणून ना? (गंगापूर रोडवरून एक निवृत्त शिक्षक)

सर, तुमचा मान राखून सांगते, नाही. लोभाने फसणारे असतात, पण माझ्याकडे आलेल्या पत्रांत ते थोडे आहेत. बहुतेक घाईने, नाहीतर भीतीने, नाहीतर निव्वळ वेळ जुळून आली म्हणून फसलेत.

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी लेकीला फराळाचा डबा पाठवला होता, अनारसे आणि चकल्या, आणि तो पोचत नव्हता. दिवसातून चारदा लेकीला फोन. त्यात एका कुरियरच्या नावाने मेसेज आला, पत्ता अपुरा असल्याने पार्सल थांबलंय, २५ रुपये भरा. मी बँकेत सव्वीस वर्षं काढलेली बाई, चष्मा पण नीट न लावता लिंक दाबली आणि कार्ड नंबर, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. डोक्यात फक्त अनारसे. मग ओटीपी आला. तो टाकणार तेवढ्यात वरची ओळ दिसली, १८,४०० रुपयांसाठी, आणि पुढे कुठल्याशा दुकानाचं नाव. पंचवीसचे अठरा हजार! कार्ड तिथल्या तिथे ब्लॉक केलं, घरात आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. आणि डबा दुसऱ्या दिवशी आपसूक पोचला.

त्या चोराला माझ्या डब्याबद्दल काही माहीत नव्हतं सर, त्याने लाखभर लोकांना तोच मेसेज टाकला असणार, त्यातल्या शंभर जणांचं पार्सल खरंच अडकलेलं असतं. जुलैत रिटर्न भरले की इन्कम टॅक्स रिफंडचे खोटे मेल येतात, नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याचे येतात, ते याच हिशोबाने. रिफंड कुठलीही लिंक न दाबता सरळ आपल्या व्हेरिफाय केलेल्या खात्यात येतो, तेव्हा तो मेल बघून आनंद झाला तरी तिकडे काही दाबू नका.

आणि ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचत जा. सगळे नुसते सहा आकडे उचलतात. रक्कम आणि कुणाला जातेय ते त्याच मेसेजमध्ये छापलेलं असतं.

पंचवटीत आमच्या वाड्यात दोन खोल्या यात्रेकरूंना देतो. एकाने फोनवर बुकिंग केलं, ॲडव्हान्स २,००० ठरला. थोड्या वेळाने मेसेज आला २०,००० जमा, लगेच त्याचा फोन, काका चुकून एक शून्य जास्त पडलं, हॉस्पिटलमध्ये आहे, १८,००० परत टाका. मी टाकत होतो, नातू ओरडला म्हणून थांबलो. कुंभाला तर असे किती फोन येतील?

नातवाला माझ्यातर्फे एक कोंडाजीचा चिवडा.

काका, तो मेसेज बँकेचा नव्हताच, त्या माणसाने स्वतःच्या फोनवरून टाइप करून पाठवला होता. फोन काढा आणि वर पाठवणाऱ्याच्या जागी काय आहे बघा, दहा आकडी मोबाइल नंबर असणार. बँकेचा मेसेज नंबरावरून येत नाही, अक्षरी नावावरून येतो, आणि हल्ली त्या नावाच्या शेवटी रेघ देऊन एक अक्षर असतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. तरी मी म्हणेन मेसेज बघूच नका, ॲप उघडून बॅलन्स बघा. नाहीतर "नातू गावाला गेलाय, चार दिवसांनी बघतो" असं सांगून फोन ठेवा, खरा असेल तर बँकेमार्फत मागेल. चुकून गेलेले पैसे परत मागायची वाट बँकेतूनच जाते, आणि तुम्ही त्याला नवीन व्यवहार करून परत पाठवायला बांधील नाही.

यातलाच दुसरा प्रकार म्हणजे "क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील." यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. मिलिटरीत आहे, कँटीनचा नियम आहे, आमच्याकडे उलटं चालतं, असं काहीही सांगतील, देवळालीत छावणी असल्यामुळे आपल्याकडे मिलिटरीचं नाव लगेच पटतं पण. एका माणसाने दुसऱ्याला पैसे मागायची जी रिक्वेस्ट यूपीआयवर येत असे ती २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून बंद केलीय, त्यामुळे आता जोर क्यूआरवर आणि खोट्या मेसेजवर आलाय.

कुंभाचं म्हणाल तर तुमची भीती खरी आहे. प्रयागराजला २०२५ मध्ये तंबू आणि हॉटेलच्या खोट्या बुकिंग साइट्सबद्दल पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं होतं, इथे पण २०२७ पर्यंत ते होणारच. उलट बाजूने पण विचार करा, उद्या तुमच्याच वाड्याचे फोटो उचलून कुणी साइट काढली तर लोक बोचकी घेऊन तुमच्या दारात येतील. आपल्या वाड्याचं नाव महिन्यातून एकदा नातवाला इंटरनेटवर शोधायला लावा.

वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झाले. खोटी नोट डोळे मिटून ओळखतील. पण "पेन्शन बंद होईल, ॲप टाका" या व्हॉट्सॲप मेसेजवरून त्यांनी काहीतरी इन्स्टॉल केलं आणि तासाभरात ९२,००० गेले. त्यांनी ओटीपी कुणालाच सांगितला नाही म्हणतात, मग गेले कसे? बाबा तेव्हापासून बोलतच नाहीत.

बाबा खरं बोलतायत. ओटीपी त्यांनी सांगितला नाही, त्या ॲपने वाचला. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) टाकताना ती मेसेज वाचायची परवानगी मागते, माणूस "अलाऊ, अलाऊ" करत जातो, त्यानंतर येणारा प्रत्येक मेसेज तिकडे पण पोचतो. काही ॲप तर स्क्रीनच बघतात. आरटीओच्या चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने, वीज आज रात्री कापणार म्हणून, सगळीकडे तीच फाइल, नाव तेवढं बदलतं.

असं होताना लक्षात आलं तर पहिल्यांदा त्या फोनचं इंटरनेट बंद करायचं, फ्लाइट मोड टाकला तरी चालेल, आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन करायचा. पासवर्ड पण दुसऱ्याच फोनवरून बदलायचे, त्याच फोनवरून बदलले तर ते पण चोराला दिसतील. १९३० ला फोन झाला की तक्रार थेट संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथे अडवायचा प्रयत्न होतो, पण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच खात्यांत असे पळत असतात, म्हणून आधी फोन, मग रडारड, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर सविस्तर तक्रार. तो तक्रार नंबर जपून ठेवा.

बँकेला लेखी द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचं २०१७ च्या जुलैचं परिपत्रक आहे, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याने कुठेतरी गडबड केली, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. ग्राहकाने स्वतःच पिन-पासवर्ड दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तुमच्या केसमध्ये बँक "तुम्हीच ॲप टाकलं" म्हणणार, भांडावं लागेल, नाही ऐकलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ९२,००० सगळे येतील असं मी खोटं सांगणार नाही.

बाबांचं मला जास्त वाटतं. १९२८ पासून त्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, तिथल्या माणसाला आयुष्यभर शिकवलं की खोटं हाताला कळतं, कागदाचा आवाज, उंचवटा, धागा. मोबाइलच्या काचेला उंचवटा नाही, तिथे खरं-खोटं दोन्ही सारखंच गुळगुळीत लागतं. त्यांना "तुम्हाला कळायला नको का" असं घरात कुणी म्हणालं असेल तर ते आधी मागे घ्या. त्यांच्या सोबतचे जेल रोडला कट्ट्यावर बसतात ना, त्यांच्यातल्या अजून दोघांना तोच मेसेज आलाय, माझ्याकडे आलेल्या पत्रांवरून सांगते. बाबांनी तिथे जाऊन सांगितलं तर ते माझ्या या कॉलमपेक्षा जास्त ऐकतील.

देवळालीहून लिहितेय. मार्चमध्ये ४६,००० गेले, तक्रार केली होती. आता मेल आलाय, सायबर विभागाच्या रिफंड शाखेकडून, तुमचे पैसे सापडलेत, २,३०० प्रोसेसिंग फी भरा, ४८ तासांत जमा. मेलमध्ये माझं नाव, रक्कम, तारीख सगळं बरोबर आहे म्हणून विश्वास बसतोय.

नाव, रक्कम, तारीख बरोबर असणारच, ताई, ज्यांनी नेले त्यांच्याकडे ती वही आहेच की. एकदा फसलेल्यांच्या याद्या ते एकमेकांना विकतात पण. तक्रारीला फी नाही, पैसे परत मिळवायला फी नाही, १९३० वाले कुणी मेलवर यूपीआय नंबर पाठवत नाहीत. अडवलेले पैसे परत येतात ते पोलीस आणि बँकेमार्फत, बऱ्याचदा मधे कोर्टाचा हुकूम लागतो, वेळ जातो, आणि येतात ते थेट तुमच्या खात्यात, त्यातून काही कापायचं असेल तर आधी भरा असं कुणी म्हणत नाही.

उत्तर देऊ नका, पण मेल उडवू पण नका. पूर्ण मेल, पाठवणाऱ्याच्या पत्त्यासकट, आणि तो यूपीआय नंबर, हे घेऊन तुमच्या मार्चच्या तक्रार नंबरासोबत पोलीस ठाण्यात जा आणि जुन्याच तक्रारीला जोडायला सांगा. पैसे गेलेले नसताना नुसते असे फोन-मेसेज येत असतील, तर संचार साथी या सरकारी साइटवर "चक्षु" म्हणून सोय आहे, तिथे कळवायचं, पण तुमचं प्रकरण तिथलं नाही, तुमचं ठाण्यातलंच आहे. तिथे त्यांनी उद्या या म्हटलं तर उद्या परत जा, आणि त्या २,३०० मधल्या शंभराचं रिक्षाभाडं करा.